कणकेचा उंदीर

“ह्याला पहिला तुकडा? ह्याला? मम्मी, ह्या माणसाला तू जवळ घेतेस आणि मला साधं दार उघडत नाहीस?”

चॅपलच्या हॉलच्या दारात उभी राहून ओरडत होती ती आमच्या शेजारीणबाईंची एकुलती एक मुलगी. पावसात भिजून, रीडिंग शहरातून थेट आलेली. तिच्या आवाजानं चहाच्या बंबावरचं झाकण थडथडलं, असं मी सांगत आलोय. बायको म्हणते, ते वाफेनं थडथडत होतं. असेल. पण वाफेला इतका राग कधी येतो?

आज सकाळी हे सगळं आठवलं ते ताज्या पावाच्या वासानं. कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या छोट्या गावातलं ते चॅपल, म्हणजे साधंसं प्रार्थनाघर, आता कॉफीचं दुकान झालंय. व्यासपीठ होतं तिथे गल्ला आहे, आणि रविवारी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. मीही रविवारीच जातो. शेजारीणबाई वरून बघत असतील तर त्यांना जरा खुपावं, एवढाच हेतू.

बाई विधवा होत्या, आणि इतक्या कडक की त्यांच्या नजरेसमोर आमच्या दारातलं दूध आपसूक नासायचं. मी हॉस्पिटलातला डॉक्टर. आठवडाभर माझा श्वास माझा नसायचा, तेव्हा बागेतलं गवत कापायला उरायचा तो रविवार. यंत्र सुरू झालं की कुंपणाच्या झुडपावर चंद्रासारखी पांढऱ्या केसांची एक कड उगवायची आणि प्रश्न यायचा, “डॉक्टर, आज वार कोणता?” रविवार देवाचा, त्या दिवशी काम करणं म्हणजे पाप, असं त्यांचं चॅपल मानायचं. वर्षानुवर्षं तोच प्रश्न. इकडच्या पोलिसांनी मला कधी इतकं घाबरवलं नाही.

तरी ह्या बाईंच्या हातून एक गोष्ट मला हवी होती, आणि ती मिळाली नाही ह्याची आग अजून पुरती विझलेली नाही. शरद ऋतूत चॅपलमध्ये सगळ्या गावाला सुगीचं जेवण असे. लोक भोपळे, कांदे, सफरचंदं आणून रचायचे आणि मधोमध असायचा बाईंनी भाजलेला पाव, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा, प्रत्येक लोंबी वेगळी दिसेल असा. पेंढीच्या देठावर त्या कणकेचाच एक उंदीर चढवायच्या, मनुकांचे डोळे लावून. तो उंदीर असलेला तुकडा पहिला मोडायचा आणि तो कुणाला द्यायचा हे बाई ठरवायच्या. वर्षभर जो नीट वागला त्याला, असा समज होता. ज्याला मिळे, तो पुढचं वर्षभर गावात जरा छाती काढून चालायचा.

आता मला सांगा, नीट वागण्यात मला कुणी हरवलं असतं? दारू नाही, विडी नाही, परस्त्रीकडे पाहणं नाही, स्वस्त्रीकडेसुद्धा परवानगी घेऊन. बर्फात बाईंना चॅपलपर्यंत गाडीनं मी सोडायचो. त्यांच्या गुडघ्याची हालहवाल मी बघायचो. शिवाय उंदीर हे आमच्या घरच्या देवाचं वाहन, म्हणजे जन्मानं हक्क माझाच. दर वर्षी त्या हातात तुकडा घेऊन माझ्या रांगेपर्यंत यायच्या आणि पुढे जायच्या. एकदा तर तो माझ्या शेजारच्या खाटकाला मिळाला. मी रात्रभर कूस बदलत राहिलो.

“अहो, कणकेच्या उंदरावरून जळता?” बायको म्हणाली. “उद्या करून देते. एक कशाला, चार करते.”

तिला काय कळणार? घरच्या उंदराला काय चव असते?

त्या वर्षी आमच्या कौन्सिलचा पुढारी भलताच गाजत होता. रविवारी दुकान उघडणाऱ्या एका रोपवाटिकेला त्यानं कोर्टात खेचलं होतं, त्यामुळे चॅपलची माणसं त्याला जवळजवळ प्रेषित मानायची. उंच, चांदीचे केस, आणि आवाज असा की हवामान सांगितलं तरी प्रवचन वाटावं. कुटुंब, शील, मर्यादा ह्यावर तो तासतास बोले. आणि मग स्थानिक पेपरात छापून आलं की महाराजांचं दुसरं घर मिल्टन कीन्सला आहे, त्यात एक बाई आहे आणि महाराजांचंच नाक लावलेलं एक पोर आहे. जागा मात्र हुशारीनं निवडलेली. त्या गावात इतके गोल चौक की मी एकदा दिवाळीत आत शिरलो तो संक्रांतीला बाहेर पडलो. तिथे बायकोनं कुणाचा पाठलाग करून करावा तरी किती?

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? म्हटलं, हा आता गेला. एक स्पर्धक कमी.

कसलं काय! चॅपलमध्ये दुसऱ्याच रविवारी चर्चा सुरू. “बायबलातला दावीद राजाही बाईपायी घसरला होता,” ऑर्गन वाजवणारे आजोबा म्हणाले. “आपल्याला काय त्याला जावई करायचाय?” खाटीक म्हणाला. “रविवार राखणारा माणूस पाहिजे. तो राखतोय.” माना डोलल्या. ज्या माना सिनेमाची जाहिरात दिसली तरी ताठ व्हायच्या, त्याच माना.

सुगीच्या जेवणाला तो आला, रुमाल घेऊन उभा राहिला आणि साक्ष दिली. “मी पडलो,” म्हणाला. “तुम्ही मला उचललंत.” सगळ्या हॉलनं नाकं शिंकरली. माझ्या पोटात नुसता जाळ. मी इतकी वर्षं तिथे न पडता उभा होतो, मला उचलायचा प्रश्नच कुणाला पडला नाही! पडल्याशिवाय कुणी बघत नाही हे आधी कळलं असतं तर मीसुद्धा मिल्टन कीन्सचे रस्ते पाठ केले असते.

आणि बाईंनी पाव मोडला. उंदीर त्याच्या हातावर ठेवला आणि त्याला जवळ घेतलं.

दार उघडलं ते नेमकं तेव्हा. मुलगी रीडिंगला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती आणि एका मुलाबरोबर लग्नाशिवाय राहत होती. ते कळल्यापासून बाईंनी तिला उंबरठा ओलांडू दिला नव्हता. तिचं नाव निघालं की त्या हवामानावर बोलायच्या. त्या संध्याकाळी मुलगी समेट करायला आली होती, हातात फुलं होती, आणि दिसलं ते हे.

“मी एकाच माणसाबरोबर राहते, मम्मी!” ती ओरडली. “एकाच! ह्याच्या निम्मंसुद्धा पाप नाही माझं!”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. पुढारी हातातल्या उंदराकडे बघत राहिला.

“दार लाव,” बाई म्हणाल्या. “गारठा आत येतोय.”

आत येऊन लाव की बाहेर जाऊन, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलीनं एकदा आईकडे पाहिलं. मग फुलं उंबऱ्यावर ठेवून तिनं दार बाहेरून लावलं.

पुढारी पुढच्या निवडणुकीत आरामात निवडून आला. पुढे दुकानं रविवारी उघडलीच, कायद्यानंच उघडली. बाई गेल्या तेव्हा भाषण त्यानं केलं, आणि मुलगी शेवटच्या बाकावर, दारापाशी बसली होती. आता तिथे कॉफीचा वास आहे, पावाचा वास आहे, आणि दार काचेचं, आपोआप उघडणारं. कुणीही समोर उभं राहिलं तरी उघडतं. इतक्या साध्या युक्तीला माणसांना किती वर्षं लागली!

पण त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, बाई कप धूत होत्या आणि मी पुसत होतो. ती फुलं कुणीतरी आणून दुधाच्या बाटलीत ठेवली होती. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि नळ उगाचच वाहत होता. माझ्यानं राहवेना.

“त्याला माफी दिलीत,” मी म्हटलं. “तिला का नाही?”

“तो माझा कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला द्यायला काय लागतं?”

मी दोन-तीन कप पुसले. पण आतला जाळ काही गप्प बसेना.

“आणि मला? एवढ्या वर्षांत एकदाही नाही?”

त्यांनी नळ बंद केला.

“तुम्ही रविवारी गवत कापता, डॉक्टर.”