मागचं फाटक

आमच्या बाजार समितीत कापसाचा भाव रोज वेबसाइटवर टाकणारा एक कारकून होता. तो आधी रुमालाने माउस पुसायचा, मगच खुर्चीत टेकायचा.

एकदा सर्व्हर बदलला आणि पानं बनवून वेबसाइटवर चढवायचं त्याचं सॉफ्टवेअर 'सर्व्हर सापडत नाही' म्हणू लागलं. नव्या सर्व्हरवर पानं चढवायचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे नेहमीचं दार, बंद होतं. पत्त्यापुढे दोन टिंबं देऊन ८०८० हा दुसऱ्या दाराचा आकडा लिहिला की भागत होतं. पासवर्ड एकट्या त्याच्याकडे, म्हणून मी त्याला तो आकडा कागदावर लिहून दिला.

"वरून आलेल्या पत्रात पत्ता एवढाच हाय," तो म्हणाला. "आकडा मनानं कायले टाकू?"

मग त्याने तेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, असं सहा वेळा केलं. कचेरीचं पुढचं फाटक दोन वर्षं बंद होतं आणि हा गृहस्थ रोज मागच्या फाटकाने यायचा. त्यासाठी मात्र त्याला कुणाचं पत्र लागलं नव्हतं.

भाव घसरत गेला, पानावर जुनाच राहिला. मुकुटबन गावची एक बाई सायबर कॅफेत तो पाहून गाडीभर कापूस घेऊन आली.

"भाऊ, काल पाह्यला तो भाव कुठं गेला?"

त्याने मॉनिटर तिच्याकडे वळवला. "हा काय, इथंच तर हाय."

"मंग याच भावानं घ्या."

"हा पाह्याचा हाय, बाई. द्याचा नाही."

त्याने माउसवर रुमाल झाकला आणि मागच्या फाटकाने जेवायला गेला.