एका ओळीची गोधडी

काजवहिनीने नवऱ्याच्या स्वागतासाठी पायघड्या शिवायला घेतल्यात, ही बातमी तिसऱ्या मजल्यावर निघाली आणि तळमजल्याला पोचेपर्यंत तिला जरीची किनारही लागली. निळे, पिवळे, ठिपक्यांचे, फुलाफुलांचे चौकोन एकापुढे एक जोडलेले. मशीनपासून निघून आतल्या खोलीत गेलेले, पलंगाला वळसा घालून परत बाहेर आलेले. सांगणारीने म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं ते खरंच होतं, पायघड्या तेवढ्या खोट्या. ती गोधडी होती. दुसरी ओळ सुरू करायची राहून गेली होती, इतकंच.

काजवहिनी शर्टांच्या कारखान्यात काजं करते, म्हणून काजवहिनी. नवरा चष्म्याच्या दुकानात. तिथे एक बाई चष्मा सैल होतो म्हणून आली, मग घट्ट होतो म्हणून आली, मग काहीच होत नाही म्हणून आली. तिला जवळचं दिसत नव्हतं, याला घरचं दिसेना. एके दिवशी तो बॅग भरून तिच्याकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, "गॅसचं बटण जरा ढिलं झालंय, बघून घे."

तिने बटण बघून घेतलं.

शेजारच्या बायका तयारीनिशी सांत्वनाला गेल्या. एकीने तर रुमालही जादा नेला होता. वहिनीने चहा केला, बिस्किटं काढली, एकीच्या गुडघेदुखीची चौकशी केली. बायका स्वतःचीच दुखणी सांगून, सांत्वन घेऊन परत आल्या आणि जिन्यात म्हणाल्या, "दगड आहे गं बाई."

दगड नव्हती. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जागेवर असतो, पण आपला वाटत नाही. तिला अख्ख्या अंगाचं तसं झालं होतं. कारखान्यात शर्ट यायचा, काजं व्हायची, शर्ट जायचा. घरी आली की ती मशीनवर बसायची, कारण चौकोन आलेले असायचे.

चौकोनांचं प्रकरण लाँड्रीवाल्या मावशीचं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत दर महिन्याला गोधडीवाल्या बायका जमतात. मावशीने पुठ्ठ्याचा साचा कापून दिलाय, वीतभर. प्रत्येकीने त्या मापाचे चौकोन शिवून आणायचे, इतरांना वाटायचे, इतरांचे घ्यायचे. निवड करायची नाही. नर्सबाईचे चौकोन भडक असतात, मावशीचे टाके वाकडे असतात. वाट्याला येईल ते मुकाट्याने जोडायचं. आणि वर्षाअखेर सगळ्यांनी गोधडीचा वरचा पदर पुरा जोडून दाखवायचा. अस्तर मागाहून लावलं तरी चालतं, पण पदर नाही जोडला तर पुढच्या वर्षी खुर्ची दुसरीला. दुसऱ्यांची मेहनत ट्रंकेत कुजवायची नाही, हा मावशीचा कायदा.

काजवहिनीला ती खुर्ची हवी होती. कारखान्यात मशीनच्या आवाजात कुणी बोलत नाही, घरी बोलायला कुणी नाही. त्या मागच्या खोलीत मात्र तिला कुणीतरी "ए, कात्री दे" म्हणायचं. तेवढंच एक वाक्य तिच्या अंगाला लागायचं.

दाखवायच्या आदल्या आठवड्यात मावशी पाहणीला आली. दारातच थांबली.

"ही गोधडी आहे की सापाची कात?"

"जोडतेय मावशी."

"ते दिसतंय. अगं, ओळ संपवून खाली दुसरी धरायची असते. काजं करतेस म्हणून काय गोधडीपण एका रेषेत करशील?"

"लक्षात नाही आलं."

"मोठ्या पलंगाला दहा चौकोन, एकट्याच्या खाटेला सहा. मोज आणि वळ."

"कुठे वळू?"

मावशी म्हणजे अख्ख्या गल्लीला सल्ले वाटणारी बाई, पण ह्याला तिच्याकडेही माप नव्हतं. शेवटी म्हणाली, "ते तुझं तू बघ. पण रविवारी हे असलं आणलंस तर मी तुला ओळखत नाही." आणि आपल्या वाकड्या टाक्यांचा एक चौकोन शेपटीत दिसला, तो कुरवाळून गेली.

इकडे बातमीने केस कापायचं दुकान गाठलं होतं. तिथल्या खुर्चीत इमारतीतले पुरुष बसतात, तसाच काजवहिनीचा नवराही बसतो. दाढीचा साबण सुकायच्या आत त्याला पायघड्या पोचल्या.

शनिवारी दुपारी तो आला. हातात तीच बॅग. दारात चपला काढल्या आणि मशीनपासून आत गेलेली ती रंगीत वाट त्याने पाहिली. त्याचा चेहरा मऊ झाला.

"एवढं कशाला करत बसलीस? नुसता निरोप धाडला असतास तरी आलो असतो."

"काय?" काजवहिनी म्हणाली.

त्याने ऐकलेलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. राग येतो का, ते तिने क्षणभर थांबून पाहिलं. आला नाही. आनंद येतो का पाहिलं. तोही नाही. उद्या रविवार आहे, एवढं मात्र स्वच्छ कळत होतं.

"ही गोधडी आहे," ती म्हणाली. "उद्या दाखवायचीय."

"हो का." तो थोडा हिरमुसला, पण सावरला. बॅग कोपऱ्यात ठेवली. "तर मग कर पुरी. नाहीतरी मी आलोच आहे. तिकडे काही खरं नाही. तिला आता आणखी एक चष्मा पाहिजे."

ती हसली नाही. खाली बसली, शेपटीचं टोक हातात घेतलं आणि चौकोन मोजायला लागली. सहाव्यापाशी तिचं बोट थांबलं. तिने ब्लेड घेतलं आणि सहाव्या-सातव्यामधली शिवण उसवली. पहिला पट्टा वेगळा झाला, तो बाजूला ठेवला. पुन्हा सहा मोजले, पुन्हा उसवली. हात सराईत होते, चूक होत नव्हती. कारखान्यात बिघडलेलं काज उसवताना तिचा चेहरा असाच असतो.

नवऱ्याने बाजूचा पट्टा उचलला, उगाच मदत म्हणून पलंगावर आडवा पसरला. पट्टा मध्याच्या जरासा पुढे जाऊन संपला. त्याने तो दुसऱ्या बाजूला सरकवून पाहिला. मग आणखी ओढून पाहिला. कापड काही वाढेना.

"अगं, चुकतेयस तू. हा तर एकालाच पुरतोय. मी काय पांघरू?"

काजवहिनीने दोरा तोडला, पुढचे सहा मोजले आणि मान वर न करता म्हणाली, "तिकडे पांघरूण आहे ना तुम्हाला? मग झालं."