भाऊजींचे गुडघे

"जीभ घसरली, बस! त्यासाठी सकाळपासून घर डोक्यावर घ्यायचं कारण काय?" मावशींचा नवरा आतल्या खोलीच्या दारातून ओरडला.

"घसरायला आधी माणूस तिथं असावा लागतो," मावशी म्हणाल्या. "मी तिथं नव्हतेच."

"मग कोण होतं? शेजारीण?"

सून हातात फोन घेऊन उभी होती. "आई, पाळकसाहेबांना काय कळवू? चर्चमधल्या संध्याकाळच्या महिला सभेत सुरुवातीची प्रार्थना तुमचीच आहे. फळ्यावर नावसुद्धा लिहिलंय."

"पुसून टाका म्हणावं."

मावशींनी पुढचा शर्ट टेबलावर पसरला. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं इस्त्रीचं दुकान. गल्लीत मात्र त्यांची ओळख आमेनमावशी. कुणाचं आजारपण असो, परीक्षा असो, नवी गाडी असो. मंडळीतली चार माणसं जमली की पाळक मान वळवून बघत आणि मावशी डोळे मिटत. आवाज खणखणीत, शब्द एकात एक गुंफलेले. "मावशींची प्रार्थना म्हणजे कडक इस्त्री," असं लोक म्हणत, आणि मावशी वरवर "काहीतरीच!" म्हणत आतून खूश होत. शर्टाला जसा क्रम, तसाच प्रार्थनेला. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. आधी उपकार, मग आजारी, मग प्रवासातले, मग विधवा आणि अनाथ. घडी घातली की आमेन.

काल धाकट्या जावेकडे जेवण होतं. दीर गेल्यापासून तिनं पहिल्यांदाच सगळ्यांना बोलावलं होतं. ताटं वाढून झाली, मावशींनी डोळे मिटले, आणि आजाऱ्यांची पाळी आली तशी त्यांच्या तोंडून निघालं, "आणि आमच्या भाऊजींच्या गुडघ्यांना आराम दे, प्रभू. त्यांना पुन्हा जिना चढू दे."

सगळे "आमेन" म्हणाले. एकालाही काही खटकलं नाही.

फक्त जावेच्या हातातला डाव तसाच राहिला. तिच्यामागे भिंतीवर दिराचा फोटो होता.

"ताई," ती म्हणाली, "त्यांचे गुडघे आता दुखत नाहीत."



"अगं, सवय असते," नवऱ्याचा आवाज आता जरा खाली आला होता. "माझाच भाऊ होता ना तो? मीही अजून त्याला फोन लावायला जातो."

"तुम्ही त्यांची आठवण येते म्हणून लावता. मला आठवण आली नव्हती. तोंड चालू होतं आणि माझ्या डोक्यात शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा होता. विचारा मला, काल किती दिवसांनी भाऊजी मनात आले. तेही जाऊ बोलली तेव्हा!"

"आई, कापड!" सून किंचाळली.

मावशींनी इस्त्री उचलली. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता.

"घ्या! आता त्या गिऱ्हाइकासाठीही प्रार्थना करा," नवरा म्हणाला.

मावशी हसल्या नाहीत. "कापड जळलं तर वास तरी येतो," त्या म्हणाल्या, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

गुडघे टेकले. "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या अगणित उपकारांबद्दल..." त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमानं, उतारावरून सुटलेल्या गाडीसारखे. तिसऱ्या वेळी त्यांनी हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. मग खोलीत काहीच उरलं नाही. शब्द नाहीत, आणि शब्दांमागे कुणी असल्याची खूणही नाही. आयुष्यभर ज्याच्या नावानं बोलत आलो, त्याच्याशीच बोलायला आपल्याकडे एक वाक्यही नाही.

शेवटचं खरं वाक्य दवाखान्याच्या बाकावर बोलल्या होत्या. दिराला हृदयविकाराचा झटका आलेला, आणि मावशी ना क्रम ना घडी, नुसतं "वाचव, वाचव रे" करत होत्या. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. मावशींनी तोंड धुतलं आणि दफनाच्या वेळी सगळ्यांसमोर खणखणीत प्रार्थना केली. लोक म्हणाले, काय हा विश्वास!

मावशींनी तोंडावरचा हात काढला.

"का नेलंस त्यांना?" त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, तुटका. "मी मागत होते ना? ऐकत नव्हतास का? तेव्हापासून तुझ्याशी बोलले नाही मी. कळलं तरी का तुला?"

कपाळ फरशीला टेकलं. त्या रडत राहिल्या. उत्तर आलं नाही. पण आज त्या कुणाला तरी विचारत होत्या.

दार उघडून बाहेर आल्या तेव्हा नवरा आणि सून स्वयंपाकघरात बसले होते.

"सभेला मी जाणार नाही," मावशी म्हणाल्या. "पाळकसाहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगू नकोस. मावशींची प्रार्थना पोकळ झालीय, असंच सांग. चारचौघांत डोळे मिटणं आता बंद. उद्यापासून सकाळी दुकान उशिरा उघडेल. आधी मी आत प्रभूपुढे बसणार. भांडेन, रडेन, गप्प राहीन, पण असेन तिथंच."

"आणि गणवेश?" नवऱ्यानं विचारलं.

"चुरगळलेले घालतील. त्या शर्टाचा मालक आला तर सांगा, माझ्या हातून जळला. मी जावेकडे चाललेय. तिथं प्रार्थना करणार नाही, नुसती तिच्याजवळ बसणार आहे. जेवायला थांबू नका."