डोळे मिटून हो म्हणायचं

गल्लीतले लोक तिला ‘पायवाली’ म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बाकीच्या डॉक्टरांना लोक जीभ दाखवतात, हिला तळवे. भोवऱ्या काढायच्या, मांसात रुतलेली नखं सोडवायची, वाकड्या पावलांसाठी बुटातले तळ करून द्यायचे, यातच दिवस सरायचा. हात मात्र बाईचे बारा महिने थंडगार. पेशंट पाय आखडून घेत, म्हणून शिवण्याआधी ती तळहात एकमेकांवर चोळून घ्यायची.

जोखमीचं काम साखरेच्या पेशंटचं. त्यांच्या पायांची जाणीव हळूहळू मरते, जखम झाली तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा पाय कापायची वेळ आलेली असते. तिची आई तीन वर्षांपूर्वी टाचेच्या अशाच एका जखमेनं गेली. जगाचे पाय तपासणाऱ्या लेकीनं घरचे पाय पाहिले नव्हते. तिला कोणी तसं बोलून दाखवलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

आता बाबांनाही साखर निघाली होती. ते तपासणी टाळत राहिले, शेवटी एका दुपारी तिनं त्यांना जवळजवळ ओढूनच दवाखान्यात आणलं. डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवायचा आणि कळलं की पेशंटनं ‘हो’ म्हणायचं, एवढीच ती तपासणी.

अंगठा. हो. करंगळी. हो. चवडा. हो. तिनं मुद्दाम दोरा नुसताच हवेत धरला, तर बाबा गप्प. तिचा जीव भांड्यात पडला.

मग अंगठ्याच्या आतल्या बाजूला फुटलेला फोड दिसला. बाबा म्हणाले, गरम पाण्यानं भाजलं असेल, कधी ते कळलंच नाही. चटका न कळणाऱ्या माणसाला दोरा कसा कळतो? तिनं कातडीला जोरात चिमटा काढला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते म्हणाले, “हो.”

“बाबा, खरं सांगा. काही कळतंय का तुम्हाला?”

“नाही गं.”

“मग हो कसं म्हणता?”

“तुझी आई सांगते ना.” त्यांचे डोळे मिटलेलेच होते. “तू टेकवलंस की कानाशी सांगते.”

दार बंद होतं. बाबांच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. तिनं त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला आणि आवाज न करता दोरा करंगळीजवळ नेला.

“तिथे नको म्हणते,” बाबा म्हणाले. “टाच बघ.”

टाचेच्या भेगेत एक काळा ठिपका होता. हातमोजे चढवून तिनं चिमट्यानं ओढलं, तर खिळ्याचं तुटलेलं टोक निघालं आणि मागून पू आला. आणखी चार दिवस गेले असते तर ते हाडापर्यंत पोचलं असतं. बाबांना कशाचाच पत्ता नव्हता. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली, कागदावर ‘जाणीव नाही’ असं लिहिलं. घरातसुद्धा चप्पल घालायची आणि रोज पाय दाखवायचे, असं बजावलं. मग हातमोजे काढून ते पाऊल दोन्ही हातांत धरून ती नुसतीच बसून राहिली. आईचं पाऊल तिनं असं कधीच धरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हणते का?”

बाबांनी थोडा वेळ कान दिला.

“हात चोळायला विसरलीस म्हणते. फार गार लागतायत.”