गोजाबाईची हमी

सापगावच्या गोजाबाईची लेक दहावी पास झाली, ती रत्नदीप मास्तरच्या फुकट शिकवणीमुळे. पुढे वनजमिनीच्या मोर्चात भाषण केलं म्हणून मास्तरला देशसुरक्षेच्या कायद्याखाली धरलं. खटला सुरू न होताच तीन वर्षं तो आत राहिला. अखेर जामीन मिळाला, पण पोलीस आपल्याही दारात येतील म्हणून कोणी हमी द्यायला धजेना. तेव्हा गोजाबाई भातशेतीचा सातबारा घेऊन कोर्टात गेली.

कारकुनाने विचारलं, "आजी, कायदा कसला आहे, ठाऊक आहे का?"

"कायदा नाय कळत, साहेब. मास्तरला वळखते मी."

सुटून आलेला रत्नदीप पाया पडायला वाकला, तर तिने त्याचा दंड चाचपला. "आधी जेव रे! किती वाळलास!"

खटला अजून सुरू व्हायचाय. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावून आला की तो तिच्याकडेच जेवतो.