करडा रंग ऐकू येत नाही

ऑपरेटरबाईंना मी पहिल्यांदा भेटलो तो भांडायलाच. आमच्या अपंगांच्या संघटनेतल्या एका आजोबांना हॉस्पिटलच्या फोनवरून "या, तुमची वेळ ठरलेली आहे" असं सांगितलं गेलं. चाकाच्या खुर्चीतून ते कसेबसे पोचले, तर डॉक्टर रजेवर आणि वेळ केव्हाच रद्द झालेली. मी कुबडी आपटत थेट टेलिफोनच्या खोलीत घुसलो आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"आवाज कमी करा," खुर्चीतली बाई म्हणाली. "डोळे गेलेत माझे. कान तेवढे शाबूत आहेत, ते तरी ठेवा."

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक माझ्या तोंडून गेली, पण माझी नाही. बसा, ऐकवते."

रंग उडालेल्या त्या खोलीत एक फोन, एक कीबोर्ड आणि एक जुना कॉम्प्युटर होता. पडदा होता, पण बंद. त्यावर बाईंनी स्वेटर वाळत टाकलेला. कॉम्प्युटर अक्षरं वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगाने की मला त्यातलं ओ की ठो कळेना. रोग्यांच्या वेळा त्या एका प्लॅनरमध्ये ठेवत. त्यात चित्रं नाहीत, चौकोन नाहीत, नुसत्या साध्या अक्षरांच्या ओळी. तारीख, वेळ, नाव, काम. सकाळी एक कळ दाबली की त्या दिवसाच्या ओळी क्रमाने समोर. हा प्लॅनर कुणा कंपनीचा नाही. त्याचा कोड उघडा ठेवलेला आहे. ज्याला येतं त्याने दुरुस्त करावा आणि दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. देशोदेशीचे पाच-सात लोक त्यावर फुकट लक्ष ठेवतात. बाई त्यांना 'राखणदार' म्हणायच्या.

"राखणदारांनी नवी सोय केली," बाई म्हणाल्या. "वेळ रद्द झाली की ती ओळ करडी दिसते. छान. मला सांगा, करडा रंग ऐकू कसा यायचा?"

डॉक्टरांची रजा नोंदली गेली तेव्हाच आजोबांची ओळ करडी झाली होती. मशीनने ती चालू असल्यासारखीच वाचली आणि बाईंनी तसंच फोनवर सांगितलं. बाईंनी राखणदारांना लिहून कळवलं, तर उत्तर आलं की आमच्याकडे सगळं नीट दिसतंय, तुमच्या पडद्याचा फोटो पाठवा.

मी खदाखदा हसलो. बाई हसल्या नाहीत.

"फोटो काढला असता हो. पण पडद्यावर माझा स्वेटर आहे."

त्या दिवसापासून आमचं जमलं. त्या मला 'नेते' म्हणत, आणि तो मान नव्हता, टोमणा होता. मी आठवी नापास, मोर्चे काढून शहाणा झालेला. बाईही कुठल्या कॉलेजात गेलेल्या नाहीत. फोन वाजत नसे तेव्हा प्लॅनरचा कोड कानाने ऐकत ऐकत त्या तो शिकल्या. कंस, स्वल्पविराम, रिकाम्या जागा, सगळं मशीनच्या बडबडीतून. एखादी ओळ अडली की दहादा ऐकायच्या. घरी दादा-वहिनींजवळ राहत. वहिनी कुरकुरायच्या, "वन्सं, ते यंत्र माझ्यापेक्षा जास्त बोलतं, आणि त्याला कुणी टोकत नाही."

"त्याचं बोलणं कामाचं असतं, वहिनी."

"हो, आम्ही आपल्या बिनकामाच्या."

मग हॉस्पिटलने नवी यंत्रणा आणायचं ठरवलं. रंगीत चौकोन, माउसने टिचक्या मारायच्या. बाईंचं मशीन त्यात एक अक्षर वाचू शकत नव्हतं. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगितलं पाहिजे, वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बाईंना एक संधी दिली. "एक सकाळ तुमच्या प्लॅनरवर चालवू. त्याचा छापील कागद प्रत्येक दारावर लावू. नीट पार पडलं तर तुमची जागा पक्की, तुमची पद्धतही पक्की."

बाईंची नोकरी त्या एका कागदावर टांगली गेली.

राखणदारांची वाट बघण्यात अर्थ नव्हता. बाईंनी स्वतःच कोडला हात घातला. प्लॅनर प्रत्येक ओळ दोन वाटांनी पाठवतो, एक डोळ्यांकडे, म्हणजे पडद्यावर नि कागदावर, आणि एक कानाकडे. बाईंनी कानाच्या वाटेवर दुरुस्ती केली, वेळ रद्द असेल तर ओळीआधी 'रद्द' शब्द उच्चारला जाईल. पहिल्यांदा तो प्रत्येकच ओळीला लागला. अख्खं हॉस्पिटल रद्द! दुसऱ्यांदा कुठेच लागेना. मग जिथे बिघडतंय तिथवर पोचायला त्या कोडच्या ओळी निम्म्या निम्म्या करून तपासत गेल्या. तिथे सापडलं की मधे मधे रंगाच्या खुणा येताहेत, त्यात मशीन अडखळतंय. बाईंनी त्या खुणा मुळातूनच काढून टाकल्या. त्यांच्या लेखी रंग म्हणजे नुसता केर. मग मशीन असं घडाघडा वाचू लागलं, की बाई खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, "आता ऐका, नेते. सतार आहे सतार!"

"कागदावर कुणाला तरी नजर टाकायला सांगा," मी म्हणालो.

"कशाला? जन्मभर लोकांचे डोळे उसने घेतले. या कामात नाही घेणार."

मला ते पटलं. असलं पटकन पटण्यातच माझं आयुष्य गेलंय.

ती सकाळ आली. कागद दारांवर लागले. बाई टेलिफोनवर, मी बाहेर बाकावर. फोनवर एक चूक नाही. कोण आलं, कोण येणार, कोणाचं रद्द, बाई घडाघडा सांगत होत्या. मी मनात पेढे वाटायला लागलो होतो.

एवढ्यात हृदयाच्या डॉक्टरांच्या दारातून नर्सने कागद बघून एका म्हाताऱ्या माणसाचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं, मोठ्याने. माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी ताडकन उठली आणि तिथेच मटकन खाली बसली. ती मृत्यूचा दाखला न्यायला आली होती. तो तिचा बाप. आदल्या दिवशीच गेलेला.

बाईंनी त्याची वेळ रद्द केली होती. मशीन 'रद्द' म्हणत होतं. कागदावर मात्र ती ओळ इतरांसारखीच काळीभोर, कारण शब्द फक्त कानाच्या वाटेवर होता आणि रंग बाईंनी स्वतःच पुसला होता.

टेलिफोनच्या खोलीचं दार उघडं होतं. पहिली हाक बाईंनी ऐकली. दुसरी ऐकली. मग त्या मुलीचा आवाज ऐकला. फोन वाजत होता, बाईंनी उचलला नाही.

मोठ्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बाईंना तळघरात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं. पगार तोच. तिथे फोन नाही.

मी पेटलो. "मोर्चा काढतो! दार अडवून बसतो!"

"कशासाठी? चूक माझी होती. चुकीसाठी मोर्चा काढतात होय?"

"अहो, राखणदारांनी हीच चूक केली तेव्हा आजोबा परत गेले. त्यांना कुणी तळघरात टाकलं? डोळस माणूस चुकला की प्रोग्रामचा दोष, तुम्ही चुकलात की डोळ्यांचा!"

"वाक्य झकास आहे," बाई म्हणाल्या. "भाषणात घाला. मला त्या मुलीचा आवाज ऐकू येतो, त्यावर आहे का काही तुमच्याकडे?"



पुढे काही महिन्यांनी राखणदारांचं पत्र आलं. बाईंनी पाठवलेली दुरुस्ती त्यांनी घेतली होती, वर त्यात भर घातली होती. आता 'रद्द' शब्द उच्चारलाही जातो आणि लिहिलाही जातो, पडद्यावर नि कागदावर. आभार मानले होते. जगभरचे लोक आता ते वापरतात म्हणे.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी भांडी विसळत होत्या. बाईंनी नवा प्लॅनर सुरू केला आणि चाचणीसाठी एक ओळ लिहिली. एवढ्या दिवसांत माझे कान सरावले होते, मशीनने वाचली तेव्हा मला कळली. उद्या, सकाळी, टेलिफोनची ड्यूटी. मग त्यांनी एक कळ दाबली.

"रद्द. उद्या, सकाळी, टेलिफोनची ड्यूटी," मशीन म्हणालं.

घरच्या पडद्यावरही स्वेटर होताच, बाईंनी तो काढला. पडदा चालू केला.

"वहिनी, जरा इकडे ये गं."

वहिनी ओल्या हातांनी आल्या. वन्संनी असं कधी बोलावलं नव्हतं, त्या गोंधळल्या.

"त्या ओळीत काय लिहिलंय?"

वहिनींनी वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. "रद्द लिहिलंय, वन्सं."

"नीट दिसतंय? पुसट नाही ना?"

"नाही. ठळक आहे."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि चाचपडत स्वेटर शोधून त्यांनी पडद्यावर परत टाकला.