चिंबोऱ्यांची बिळं

लग्न होऊन मी ठाण्याला आले आणि आठ दिवसांच्या आत आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं. उधाणाची भरती आली, खाडीचा बांध फुटला आणि पाणी थेट परसात शिरलं. आळीतल्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी बायकांच्या तोंडी एकच, नव्या सुनेचा पायगुण. सासूबाईंनी देवाचं पाणी माझ्या हातून घ्यायचं बंद केलं. मला असा संताप यायचा! पण बोलणार कुणाला? कायमचं माहेरी धाडतील ही धास्ती होतीच.

सासरे शाळामास्तर, मिठागरावर राबणाऱ्या घरातले पहिले शिकलेले. ‘कार्यकारणभाव’ हा त्यांचा लाडका शब्द. आमटी करपली तरी तो निघायचा. एका रविवारी सासूबाईंच्या देखत ते मला बांधावर घेऊन गेले. फुटलेल्या जागी मातीत भोकंच भोकं होती.

“ही चिंबोऱ्यांची, खाडीतल्या खेकड्यांची बिळं,” ते म्हणाले. “बांध त्यांनी पोखरला. तुझं लग्न कधी झालं, हे त्यांना ठाऊक नाही.”

मी तिथेच रडले. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे घडली असं होत नाही, हे त्यांनी घरी येऊन सासूबाईंनाही ऐकवलं. त्या पुटपुटल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी देवाचा तांब्या माझ्या हाती आला.

पुढच्या वर्षी माझ्या यजमानांना कल्याणला रेल्वेत नोकरी लागली. पेढे वाटताना सासूबाई सांगत सुटल्या, आमच्या सुनेचा पायगुण हो. तेव्हा मात्र मला चिंबोऱ्या आठवल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मी चांगली फुशारले होते.

मग धाकटी जाऊ आली, टिटवाळ्याची. पंधरा दिवसांत सासरे परसातल्या शेवाळावरून घसरले आणि अंथरुणाला खिळले. पुन्हा चालणं कठीण, असं डॉक्टर सांगून गेले. मी चुलीपाशी रडत, फणफणत होते. तोंडातून निघून गेलं, “हिचं पाऊल घरात पडलं आणि बघा काय झालं.”

जाऊ दारातच उभी होती. हातातली कळशी तिनं हळूच खाली ठेवली.

आतून सासऱ्यांनी मला हाक मारली. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून गेले.

“सूनबाई, तिला बांधावर घेऊन जा,” ते म्हणाले. “मला आता चालवत नाही.”

जाऊ माझ्या मागून आली. बांध केव्हाच नवा घातला होता, त्यात एकही बीळ दिसेना. तिला दाखवायला काहीच नव्हतं.

“परसातलं शेवाळ घासायचं काम माझं होतं,” मी शेवटी तिला म्हणाले. “दोन आठवडे मी ते केलं नव्हतं.”